छकुलीच्या भेटीचं कागदावर येऊ दे

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पुण्यातच केस टाकतो आणि छकुलीचा ताबाच मागतो." तू चिडलेला होतास, म्हणून मी गप्प राहिले. फोनवर असलं धड बोलून होत नाही, म्हणून लिहिते.

आधी पुण्याचं. तुम्ही नवराबायको वेगळे झालात आणि तुझी लेक वर्षाहून जास्त तिच्या आईबरोबर इथं आजोळी आहे, बालवाडीही इथलीच. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ताब्याचा अर्ज करायचा तर मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात करावा लागतो. म्हणजे आपलं सोलापूरचं कौटुंबिक न्यायालय. तारखेच्या आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं निघायचं आणि घरी मुक्काम करायचा, त्यात काय अवघड आहे?

दुसरं ताब्याचं. छकुलीला पाचवं अजून लागायचंय. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडेच असावं असं लिहिलंय. त्यापुढेही कोर्ट आईचा हक्क की बापाचा हक्क असं तोलत बसत नाही, मुलाचं भलं कशात आहे ते बघतं. तिच्या आईनं पोरीची आबाळ केली असं तूही कधी म्हणाला नाहीस. मग रागापायी ताबा मागून काय साधणार? तुला लेक भेटायला हवी, तर भेटच माग. नीट, सविस्तर, लेखी.

आता तुम्ही दोघं तोंडी ठरवता, म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. मागच्या रविवारी तू तिला घेऊन आलास. तुला दिसलं नसेल, मी बघत होते. दुधात कुस्करलेली भाकरी तिनं अर्धी खाल्ली आणि चपला घालून उंबऱ्यावर जाऊन बसली. म्हटलं, कुठं निघालीस? तर म्हणाली, "मामा आला की लगेच जायचंय." मामाला यायला अजून तीन तास होते! ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं. एवढ्याशा लेकराला सारखं तयारीत बसावं लागतंय, हे माझ्याच्यानं बघवत नाही रे.

म्हणून वकिलाला सांग, भेटीच्या अटी अगदी बारीक लिहा. दुसरा आणि चौथा शनिवार किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, रात्री आपल्याकडे राहायचं का, आणायला कोण, सोडायला कोण. दिवाळीचे कोणते दिवस कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला तिला कोण नेणार तेही लिही, हसू नकोस, गेल्या वर्षी त्यावरूनच वाजलं होतं. तुझा व्हिडिओ कॉल तिच्या जेवणाच्या वेळेला येतो, त्याचीही वेळ ठरव. आजारी पडली तर दोघांनाही त्याच दिवशी कळायला हवं. शाळेची फी आणि महिन्याचा खर्च तू किती देणार हे त्यांनी मागायच्या आधी तूच लिहून दे.

तुम्ही वेगळे राहून वर्ष होऊन गेलंय. दोघांचं पटलं तर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जातच या अटी घालता येतात. त्यातली सहा महिन्यांची मुदत योग्य कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. नाही पटलं तरी केस चालू असताना भेटीचा तात्पुरता आदेश मागता येतो. आदेश असला की कुणी मोडला तर दाद मागता येते, आणि पोरगी मोठी होईल तसा तो बदलूनही घेता येतो.

छकुलीच्या आईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळाला म्हणून तू फणफणलास, ते मला आवडलं नाही. १९८७ च्या कायद्यानं बायकांना आणि मुलांना मिळकत न बघता ती मदत मिळते. तिच्या बाजूनं जाणतं माणूस असेल तर तुमचंच लवकर मिटेल. तू मात्र पहिल्याच भेटीत "पोरगी मिळवून देतो" म्हणणाऱ्या वकिलाच्या वाटेला जाऊ नकोस. जो आधी छकुलीचं वय, शाळा, सवयी विचारेल तो धर.

कोर्टात समुपदेशकांपुढे बसवतील तेव्हा तोंड फुगवून बसू नकोस. चारचौघांत शोभा होईल ही भीती तर सोडूनच दे. दोघांपैकी एकानं मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड होते.

येताना लग्नाचा दाखला, छकुलीचा जन्मदाखला, फीच्या पावत्या आणि पगाराच्या स्लिपा घेऊन ये. आणि वकिलाकडे जायच्या आधी तिच्या आईला फोन कर. स्वतः कर, मेसेज नको. मामाला मी विचारलंय, ती बोलायला तयार आहे.

तुझी,
आई