खांद्याचा एकच फोटो पुरत नाही

मा. संपादक,

पाऊस सुरू झाला की शेतातल्या मोटारीचा शॉक लागल्याच्या बातम्या आपल्या अंकात येतात. माणूस वाचला यातच सगळे खूश. खांद्याकडे कोण बघतो?

माझ्या चुलतभावाला गेल्या वर्षी विहिरीवर असाच झटका बसला. तो पडला नाही, कुठे आपटलाही नाही, तरी उजवा खांदा धरून बसला. जवळच्या दवाखान्यात समोरून एक फोटो काढला. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर बोलले कन्नडमध्ये. आम्हाला कळलं ते एवढंच, की हाड मोडलेलं नाही. मुका मार म्हणून हात झोळीत गेला. दीड महिन्याने घरच्या सत्यनारायणाला तीर्थ घ्यायला त्याने हात पुढे केला, तर तळवा वर होईना. डावा हात पुढे केला म्हणून काकू त्याच्यावर खेकसली. मग आम्ही बेळगाव गाठलं.

तिथे बगलेतून फोटो काढला, तेव्हा दिसलं: खांद्याचा गोळा मागच्या बाजूला निखळलेला. शंभरात पंचाण्णवच्या आसपास खांदे पुढे निखळतात. ते तालमीतलं पोरही ओळखतं, खांद्याची गोलाई जाऊन कोपरा दिसतो. मागे निखळणारे 2 ते 4 टक्केच, पण शॉक लागला किंवा फिट आली की सगळे स्नायू एकदम आवळतात आणि गोळा मागे ढकलला जातो. समोरच्या फोटोत तो जवळजवळ जागेवरच दिसतो. एरवी छडीच्या मुठीसारखा एका अंगाला कललेला असतो, हात आत वळला की बल्बसारखा गोल. बेळगावच्या डॉक्टरांनी आमची जुनी फिल्म उजेडाला धरून हा बल्ब दाखवला. असे निम्म्याच्या आसपास खांदे पहिल्या भेटीत निसटतात म्हणे, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. तीन आठवडे उलटले की मात्र नुसता ओढून सांधा बसणं अवघड होतं. भावाचं ऑपरेशन करावं लागलं.

दवाखान्यांना विनंती एवढीच, की शॉक किंवा फिटनंतर कुणी खांदा धरून आला तर दुसऱ्या कोनातून फोटो काढाच. बगलेतल्या फोटोला हात थोडा बाजूला घ्यावा लागतो, रोगी ओरडतो, म्हणून तो टाळला जातो हे समजतं. पण तिरपा फोटो, ज्यात खांद्याचं पातं इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं, झोळीतला हात न हलवताही निघतो.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव