दोन बरण्या पाठवतोय, आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

उद्या दुपारच्या जयगड-तवसाळ फेरीने आइसबॉक्स येतोय. त्यात काचेच्या दोन बरण्या आहेत, लाल झाकणाची आईची, पांढऱ्या झाकणाची बाबांची. अदलाबदल होऊ देऊ नका. आल्या आल्या फ्रीजमधे ठेवा.

आई, तुझ्या बरणीत वाईन आहे. आधीच सांगतोय कारण तुला न सांगता काही खायला घालणं मला पटत नाही. नको वाटलं तर खुशाल शेजारी दे, मला अजिबात राग येणार नाही. पण तू जेवणानंतर जे द्राक्षासव घेतेस ना, त्यातही द्राक्षं आंबून तयार झालेलं अल्कोहोल असतंच, बाटलीवर लिहिलेलं असतं बघ. आणि शिजवलं की सगळं उडून जातं असं लोक म्हणतात ते खरं नाही, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात अर्धा तास उकळल्यावरही साधारण ३५ टक्के उरतं असं दिलंय, म्हणून बाबांच्या गोळ्या चालू असताना त्यांच्या बरणीत एक थेंबही घातलेला नाही.

हे सगळं खरं तर बाबांसाठीच सुरू केलं. बाबा, आई म्हणाली कवळी बसवल्यापासून तुम्ही फळ खाणंच सोडलंय, पेरूची बी कवळीखाली अडकते, अननसाने हिरड्या चरचरतात, सफरचंद चावत नाही, मग केळं नाहीतर काहीच नाही. परसातले पेरू वटवाघळं खातायत आणि ते झाड लावणारा माणूस नुसता बघतोय हे ऐकल्यापासून मला चैन नाही. कच्च्या अननसात एक एन्झाइम असतं ते जीभ, हिरड्या चरचरवतं, पण ते उष्णतेने मरतं, त्यामुळे शिजवलेला अननस तुम्हाला नक्की चालेल.

प्रकाराला कॉम्पोट म्हणतात, फ्रेंच लोकांचा. मसाल्याच्या पातळ पाकात फोडी मंद शिजवायच्या, आपल्या साखरांब्याच्या जवळचंच, फक्त साखर बरीच कमी आणि म्हणूनच टिकत नाही, पाच-सहा दिवसांत संपवा. तुझ्यासाठी आई, अर्धा लिटर नाशिकची ड्राय रेड वाईन, एक पेला पाणी, दीडशे ग्रॅम साखर, बोटभर दालचिनी, चार लवंगा, दोन वेलच्या, जायफळ किसून चिमूटभर आणि संत्र्याची साल, तीही आतला पांढरा भाग काढून नाहीतर कडवटपणा येतो. दालचिनी बाबांनी लावलेल्या झाडाचीच, ती कृषी विद्यापीठाची कोकण तेज, तिचा वास बाजारच्या पुडीला येत नाही हो! हे दहा मिनिटं उकळलं की आधी अर्धवट पिकलेला पेरू, तो वीसेक मिनिटं घेतो, मग अननस, सफरचंद शेवटी. फोडी मऊ झाल्या की काढून घ्यायच्या आणि पाक निम्मा आटवून परत त्यांच्यावर ओतायचा. लवंगा मात्र काढून टाकायच्या, राहिल्या तर दुसऱ्या दिवशी लवंगच लवंग लागते.

पेरूचा बियांचा गर फेकला नाही, चाळणीवर घासून पाकात घातला, त्यात पेक्टिन असतं म्हणून पाक छान दाट झालाय आणि बी एकही नाही. चिकू घालून उपयोग नाही, विरघळतो, आंबटपणाही नाही. आणि हापूस असा उकळायचा विचारसुद्धा कोणी करू नये.

बाबांच्या बरणीत वाईनच्या जागी कोकमाची बिनमिठाची सोलं गरम पाण्यात भिजवून त्याचं पाणी घेतलंय. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, घेतलं असतं तर खारट झालं असतं, अमृत कोकमात साखर फार. रंग बघा कसा आलाय, आणि खरं सांगू, मला स्वतःला हीच बरणी जास्त आवडली, वाईनचा तुरटपणा नाही पण आंबटपणा कसा स्वच्छ आहे. साखर अगदी दोन चमचे घातलीय, तरी फळाची स्वतःची साखर असतेच, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं फळ सांगितलंय त्यातच हे मोजायचं, जेवणानंतर छोटी वाटी, वर पाक प्यायचा नाही.

आई, तू करणार असशील तर स्टीलच्या टोपात कर. कल्हई गेलेलं ते पितळी पातेलं आंबट पदार्थाला बिलकूल नको, अ‍ॅल्युमिनियमचंही नको. पण या वेळी तू काहीच करू नकोस, एरवी सगळ्यांचं तूच करतेस, फक्त दोघांनी बसून खा आणि बाबांना पेरू चावता आला का ते रात्री फोन करून सांग. फोड अजून कडक लागली तर पुढच्या वेळी जास्त शिजवतो. आइसबॉक्स परत येईल तेव्हा त्यात जायपत्री घाला थोडी, इकडची संपलीय.

तुमचा,
बाळू