शिट्टीनंतर पंचांच्या हातांकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बास्केटबॉलच्या सामन्यांना क्रीडा पानावर जागा मिळते याचा आनंद आहे. तक्रार आहे ती या बातम्यांतल्या एका ठरीव वाक्याबद्दल: ‘पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे सामन्याला कलाटणी मिळाली.’ पण निर्णय होता कसला? बचावपटूने मनगटावर चापट मारली, कमरेवर हात ठेवून रोखले, की आक्रमकानेच हाताने रेटून वाट काढली? बातमीत याचा पत्ता नसतो. पंचांनी मात्र ते भर मैदानात हातवारे करून सांगितलेले असते.

मी सामन्यांत स्कोअरर म्हणून, म्हणजे गुण आणि फाउल नोंदवायला, टेबलावर बसतो, म्हणून हे जरा जास्तच खटकते. पंचांच्या खुणा आधी आमच्यासाठी असतात. शिट्टी वाजते, मूठ वळलेला एक हात सरळ वर जातो, घड्याळ थांबते. मग पंच आम्हाला नीट दिसतील अशा जागी येऊन उभे राहतात. आधी खेळाडूचा क्रमांक. तो २४ असेल तर हाताची पाठ आमच्याकडे करून दोन बोटे, मग तळवा आमच्याकडे करून चार. त्यानंतर फाउलचा प्रकार आणि शेवटी फ्री थ्रो (बास्केटवर बिनअडथळ्याची फेक) किती किंवा चेंडू कोणत्या दिशेला, ते. आता या सगळ्यातून स्कोअरशीटवर उतरते काय? खेळाडूच्या नावापुढे ‘पी’, म्हणजे पर्सनल फाउल, आणि फ्री थ्रो असतील तर त्याला लागून आकडा. बस्स. मारले, धरले, ढकलले, सगळ्यांना तोच ‘पी’. फाउल कसला होता, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. पंचांनी सेकंद-दोन सेकंद केलेली खूण एवढीच त्याची जागा. वार्ताहराने नेमकी तीच चुकवली, तर सामना संपल्यावर स्कोअरशीट कितीही चाळली तरी हाती काही लागणार नाही.

प्रेक्षकांत पक्का समज असतो की हात लागला म्हणजे फाउल. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमपुस्तकातले ३३वे कलम तसे म्हणत नाही. प्रतिस्पर्ध्याला हात लागणे हा आपोआप फाउल होत नाही. हात लावणाऱ्याला त्यातून फायदा झाला का, समोरच्याच्या हालचालीला अडथळा आला का, हे पंचांनी ठरवायचे. ड्रिबल करत, म्हणजे चेंडूला टप्पे देत, निघालेल्या खेळाडूच्या कमरेला बचावपटूचा पंजा टेकला आणि लगेच सुटला, वेग तोच, तोल तोच, तर शिट्टी वाजत नाही. पंजा तिथेच राहिला, पुढचे पाऊल आखूड पडले किंवा खेळाडूला वळसा घ्यावा लागला, तर वाजते. आणि एकेक स्पर्श हलका असला तरी पुन्हा पुन्हा टोचत राहणे हाही फाउलच, कारण त्यातूनच पुढे धसमुसळेपणा सुरू होतो. त्यामुळे ‘मघाशी नाही दिला, आता कसा दिला?’ या आरडाओरड्याला बऱ्याचदा साधे उत्तर असते: मघाचा हात सुटला होता, आताचा सुटला नाही.

बास्केटवर नेम धरणाऱ्याच्या बाबतीत माप बदलते. चेंडू बोटांतून सुटतानाच त्याची दिशा ठरते, म्हणून त्या क्षणी कोपराखाली बसलेली हलकी चापटही पुरते. तीच चापट चेंडू घेऊन नुसत्या उभ्या असलेल्या खेळाडूला बसली आणि त्याचे काहीच बिघडले नाही, तर पंच खेळ चालू ठेवू शकतात. उलट बचावपटू आपल्या जागी सरळ वर उडाला, हात उभेच ठेवले आणि आक्रमक येऊन त्यांच्यावर आदळला, तर बचावपटूचा दोष नसतो. बघणाऱ्याला मात्र दोन्हीकडे ‘हात लागला’ एवढेच दिसते. आवाजाचेही तसेच. चेंडूवर पडलेला पंजा खणखणीत वाजतो आणि अख्खे स्टेडियम फाउल मागते; मनगटावरची चापट कुणाला ऐकूसुद्धा येत नाही.

म्हणून पंच आवाजामागे जात नाहीत, ते दोन खेळाडूंमधली फट दिसेल अशी जागा शोधत सतत सरकत राहतात. बचावपटूच्या थेट पाठीमागून पाहिले तर हात चेंडूवर गेला की दंडावर, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गॅलरीतला प्रेक्षक एकाच जागी बसून बघतो, आणि टीव्हीवरचा संथगतीचा रिप्ले प्रत्येक स्पर्श आहे त्याहून मोठा करून दाखवतो.

टीव्हीचा आणखी एक घोळ. तिथे दिसणाऱ्या एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे नियमपुस्तक वेगळे. एनबीएच्या नियमात चेंडूवर टेकलेला हात हा चेंडूचाच भाग मानला जातो, तिथे बचावपटूचा हात लागला तर फाउल नाही. त्याच एनबीएने २००४-०५ च्या हंगामापासून ड्रिबल करणाऱ्यावर हात ठेवण्याविरुद्ध कडक धोरण धरले. त्याआधीचे जुने सामने पाहून आजच्या पंचांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. खेळाचे जनक जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या १३ नियमांतही बंदी होती ती खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय अडकवणे आणि मारणे यांना. नुसता स्पर्श त्या यादीत नव्हता.

खुणांविषयी थोडे सांगायला हवे, कारण गफलत तिथेच होते. तीन खुणा एकाच मनगटाभोवती फिरतात. मनगटावर दुसऱ्या हाताने चापट मारली तर हातांचा बेकायदा वापर. मनगट धरून हात खालच्या बाजूला ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले. मनगट धरून हात डोक्यावर नेला तर खिलाडूवृत्तीला सोडून केलेला फाउल: सहसा दोन फ्री थ्रो, वर चेंडूही प्रतिस्पर्ध्याकडे, आणि तोच खेळाडू पुन्हा त्यात सापडला तर सामन्यातून बाहेर. खूण एक वीतभर वर-खाली, शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक. कंबरेवर दोन्ही हात म्हणजे वाट अडवली आणि हवेत ढकलल्याचा अभिनय म्हणजे ढकलले, या दोन तर शाळकरी मुलेही ओळखतात.

पंचांची बाजू घेतोय म्हणून सगळेच पंच निर्दोष आहेत असे नाही. काही जण क्रमांक दाखवून वळतात आणि प्रकाराची खूण चालता चालता उरकतात. काहींची सवय त्याहून वाईट: घडले काहीही असो, खूण मनगटावरच्या चापटीचीच. ढकलल्याचा फाउल ‘हाताचा’ म्हणून दाखवला गेला की ज्याच्यावर शिट्टी वाजली तो खेळाडू चिडतो, आणि माझ्या मते त्याचे चिडणे रास्त असते. अटीतटीच्या शेवटच्या मिनिटाला शिट्टी खिशात घालणारे पंचही मला पटत नाहीत. पहिल्या मिनिटाला जो फाउल होता तो शेवटच्या मिनिटालाही फाउलच. यावर आपण जरूर झोडपा, पण काय घडले आणि काय दाखवले, हे लिहून झोडपा.

वार्ताहरांनी एखादा सामना टेबलाच्या जवळ बसून पाहावा. स्पर्धा सुरू होण्याआधी या आठ-दहा खुणांची रेखाचित्रे क्रीडा पानावर छापली, तर प्रेक्षकांचीही सोय होईल. आणि एक विनंती छायाचित्रांच्या ओळी लिहिणाऱ्यांना: मूठ उंचावलेल्या पंचाच्या फोटोखाली कृपया ‘संतप्त पंच’ लिहू नका, त्यांनी फक्त घड्याळ थांबवायला सांगितलेले असते.

आपला,
एक स्कोअरर