रेशनकार्ड कोणी विचारलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्तरीपुढच्या लोकांच्या मोफत उपचाराच्या ‘आयुष्मान वयवंदना’ कार्डांच्या शिबिरांचे फोटो हल्ली आपल्या पेपरात वरचेवर येतात. तशाच एका शिबिरात मीही मागच्या रांगेत उभा होतो. फोटोत माझी फक्त टोपी आली. कार्ड चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हाताऱ्या माणसाचा दवाखान्याचा खर्च कार्डानं कमी होतो की दवाखान्याच्या काउंटरवर विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नानं ठरतो, याचा मला चांगला अनुभव आला आहे. तो लिहितो. लांबलं तर कापा, पण आकडे कापू नका.

मी एसटीत वाहक होतो, २०१२ साली निवृत्त झालो. ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतलं, पेन्शन महिन्याला २,८६९ रुपये. सरकारनं २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरवलं आहे, त्या हिशेबानं मी पैसेवालाच म्हणायचा. चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. रेशनकार्ड केशरी. नोकरीत वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायची सवय लागली ती गेली नाही. घरखर्चाची वही मी अजून तशीच भरतो. खालचे सगळे आकडे त्या वहीतले.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे. २०१८ साली त्यानं हौसेनं आम्हा दोघांची खासगी मेडिक्लेम पॉलिसी काढली. त्या वर्षी हप्ता होता १९,८०० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये तोच ४७,२०० झाला, म्हणजे मूळ हप्ता ४०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी ७,२००. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा पोरानं फोनवर सांगितलं, “बाबा, आता सात हजार वाचले.” या जानेवारीत कागद आला ४३,८०० चा. मूळ हप्ता साडेनऊ टक्क्यांनी वाढला होता. विमा नियामकानं जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. आमची वाढ त्या दहाच्या आत बरोब्बर बसवलेली. सातातले चार हजार कंपनीकडे परत गेले, आमच्या हाती तीन राहिले. असो. हे माझं मुख्य गाऱ्हाणं नाही.

डिसेंबर २०२४. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. गाठोडं गाडीत टाकताना छाती आवळली आणि डावा हात जड झाला. मी बंडीच्या चाकाला टेकून खाली बसलो. घरची मंडळी धावत आली, पुतण्यानं कोणाची तरी गाडी आणली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, एक गोळी चघळायला दिली आणि म्हणाल्या, “इथे थांबू नका.” त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तिथून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही.

काउंटरवरच्या मुलीनं पहिलं विचारलं, “मेडिक्लेम आहे का?” पुतण्या म्हणाला, आहे. दुसरा प्रश्न आलाच नाही. पॉलिसीचा कागद मोबाइलवर मागवला, मला आत नेलं. बाहेर पुतण्याकडून १०,००० रुपये डिपॉझिट घेतलं आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर निळ्या पेनानं आकडा लिहून दिला. शिक्का नाही, नंबर नाही. अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या तुंबलेल्या नळीत एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, टाकला. चौथ्या दिवशी सुट्टी.

बिल झालं १,८६,४०० रुपये. त्यातले हातमोजे, नोंदणी, असलंच काहीबाही मिळून ६,१५० रुपये कंपनी देत नाही म्हणे. उरले १,८०,२५०. पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की अमुक वयानंतर प्रत्येक बिलाचे २० टक्के तुम्ही भरायचे. ते झाले ३६,०५०. दहा हजारांची चिठ्ठी बिलात कुठेच दिसली नाही. विचारलं तर “ते वेगळं आहे” असं उत्तर मिळालं. एकूण ५२,२०० रुपये खिशातून गेले. माझं अठरा महिन्यांचं पेन्शन. त्या वर्षीचा कापसाचा पहिला पैसा तिथेच संपला.

यावर माझं म्हणणं काही नव्हतं. जीव वाचला होता.

फेब्रुवारीत फेरतपासणीला गेलो तेव्हा बाकावर शेजारच्या तालुक्यातले एक शेतकरी भेटले. माझ्याच वयाचे, तोच डॉक्टर, तोच महिना, तसाच एक स्टेंट. मी सहज विचारलं, किती लागले? ते म्हणाले, “पैसे? काईच नाई लागले. कार्डावर झालं.” कोणतं कार्ड? “रेशनचं. केशरी.”

मी वहीत पुन्हा पुन्हा बेरीज करावी तसं ते वाक्य मनात फिरवत होतो. मग उठलो आणि शोधायला लागलो. दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानामागच्या बोळीत, एक टेबल होतं. भिंतीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक, त्याच्यापुढे अर्धा फलक झाकेल असं कुंडीतलं झाड. टेबलामागं आरोग्यमित्राची, म्हणजे रुग्णांना योजना समजावून सांगायला नेमलेल्या माणसाची, खुर्ची, खुर्चीवर कोणाची तरी पिशवी. अर्ध्या तासानं पिशवीचा मालक आला. पोरगा बरा होता, सगळं नीट सांगितलं. योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार होतात. आधी ही मर्यादा दीड लाख होती, जुलै २०२४ पासून पाच लाख झाली. आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठल्याही रेशनकार्डावर चालते. अँजिओप्लास्टी यादीत आहे. खाटेचे, तपासणीचे, औषधाचे, स्टेंटचे, जेवणाचे पैसे पॅकेजातच. तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवरून घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात. आणि दवाखान्यातून घरी जाण्याचं एसटीचं नाहीतर रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही योजनेत धरलेलं असतं. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. आयुष्यभर त्याच एसटीत तिकिटं फाडली आणि ही गोष्ट मला माहीत नाही!

मी म्हटलं, मग माझे पैसे परत मिळतील का? तो म्हणाला, काका, भरती असताना योजनेत नोंद झाली पाहिजे, नंतर पैसे परत मिळत नाहीत.

घरी येऊन सांगितलं तर बायको एवढंच म्हणाली, “एवढे पैसे कायले देल्ले? आपलं कार्ड तं संदुकीत होतं.”

संदुकीतच होतं. कोणी मागितलं नाही, म्हणून काढलं नाही. सरकारी पॅकेजचा दर खासगी पॉलिसीच्या बिलापेक्षा कमी असतो, हे मला आता कळतं. दवाखान्यालाही धंदा आहे, डॉक्टरांचे पगार आहेत. पण रुग्णाला दोन रस्ते असताना एकच दाखवायचा, आणि तोही आपल्या फायद्याचा, याला काय म्हणावं? आम्ही वाहकांनी तिकीट न देता पैसे घेतले तर पुढच्या स्टॉपवर तपासणी पथक चढायचं. पाच रुपयांसाठी लोक निलंबित झालेले मी पाहिले आहेत. कोऱ्या चिठ्ठीवर दहा हजार घेणाऱ्यावर कोण चढतं?

माझी मागणी एकच आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्याच्या भरतीच्या फॉर्मवर दोन ओळी छापा: ‘रुग्णाचं रेशनकार्ड कोणतं? योजना समजावून सांगितली का?’ खाली आरोग्यमित्राची सही, त्याखाली नातेवाइकाची. योजना नको असेल तर ‘नको’ असं नातेवाइकानं आपल्या हातानं लिहावं. आणि आरोग्यमित्राचं टेबल बोळीत नको, केसपेपर काढतात तिथे हवं. बस.

वयवंदना कार्डाबद्दल लोक मला विचारतात म्हणून थोडं लिहितो. २९ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं, म्हणजे माझ्या अ‍ॅटॅकच्या आधी दीड महिना. मी सत्तर पूर्ण केलेला होतो, पण आमच्या गावात तेव्हा त्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. जुनं दुखणं असलं तरी थांबावं लागत नाही. वय मात्र आधारवर असेल तेच धरतात, आणि इथेच आमच्याकडे घोळ आहे. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं आधारच्या हिशेबानं १ जानेवारीला जन्मलेली आहेत! शेजारच्या आजी माझ्याहून मोठ्या; माझ्या लग्नात पंगतीत वाढत होत्या, मी तेव्हा पंचवीसचा. आधारवर त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. त्यांचं कार्ड निघत नाही. दुसऱ्या एकींची बोटं वेचणीनं इतकी घासली आहेत की मशीनवर ठसा उमटत नाही. तिथे मोबाइलवर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, पण शिबिरातल्या पोरानं “ठसा येत नाई, पुढच्या येळी या” म्हणून त्यांना परत पाठवलं. मी भांडलो तेव्हा चेहरा घेतला.

आता रोजच्या गोळ्यांचं. पाच लाख, पाच लाख म्हणतात ते भरती झाल्यावरचे. म्हातारपणी खर्च महिन्याच्या महिन्याला लागतो. अँजिओप्लास्टीनंतर माझ्या आणि बायकोच्या बीपी-साखरेच्या धरून गोळ्यांचे महिन्याला १,६४० रुपये जात होते. ते कोणत्याच कार्डात बसत नाहीत. आरोग्यमित्रानं सांगितलं की योजनेत काही फॉलोअप प्रक्रियाही, म्हणजे नंतरच्या फेरतपासण्या-उपचार, ठरवलेल्या आहेत, सुट्टीच्या वेळी विचारायच्या. मी योजनेतच नव्हतो, तर विचारणार काय. मग मी असं केलं: बीपी आणि साखरेच्या गोळ्या गावातल्या उपकेंद्रातून, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई महिन्याचं पाकीट देतात, फुकट. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतला उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यभर मोफतच आहे. हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावानं लिहून घेतली आणि तालुक्याच्या जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून, आणतो. खर्च आला ४७० वर. महिन्याला ११७० वाचतात, वर्षाचे १४ हजार. फक्त उपकेंद्रात साखरेची गोळी मध्येच ‘संपली’ असते, आणि ज्या महिन्यात ती संपते त्याच महिन्यात कापसाचे पैसे यायचे असतात. उद्या बीपीची गोळीही महिनाभर मिळाली नाही म्हणून लकवा झाला तर पाच लाखांचं कार्ड आहेच, असा हा हिशेब दिसतो.

एक जुनी आठवण. माझ्या मामाचं गाव सेवाग्रामजवळ. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाची गावांसाठी विम्याची योजना होती; सुगी झाली की घरटी ज्वारी गोळा करत, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच गाव योजनेत. मामा पायलीनं ज्वारी मोजताना बडबडायचा, पण त्या मापात काय मिळणार हे त्याला तोंडपाठ होतं. कोणतं दुखणं फुकट, कुठे थोडे पैसे, कोणाला भेटायचं. माझ्या पॉलिसीचे चौतीस पानी कागद इंग्रजीत आहेत. सात वर्षं हप्ता भरला, वीस टक्क्यांची ओळ बिल भरताना वाचली.

पॉलिसी बंद करायची का, यावर पोराशी अजून वाद चालू आहे. तो म्हणतो, योजनेच्या यादीत नसलेलं दुखणं आलं तर? त्याचंही खरं आहे. मी म्हणतो, यादीत असलेल्याचे तरी दोनदा पैसे नको. तूर्त रेशनकार्ड, आधार आणि वयवंदना कार्ड, तिन्हीच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराच्या दाराच्या खिळ्याला टांगल्या आहेत. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘मेडिक्लेम विचारला तरी आधी हे दाखवा. फोन १५५३८८, १४५५५.’ पुतण्याला आणि सुनेला पाठ करून ठेवायला सांगितलंय, कारण त्या वेळी मी बोलायच्या अवस्थेत असेनच असं नाही.

नाव छापू नये ही विनंती. पुढच्या महिन्यात त्याच दवाखान्यात तपासणीला जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. आर्वी, जि. वर्धा