मुलांना फाइल ठेवायला शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की आमच्या मानेवाड्यातल्या घरी मुलांची ये-जा सुरू होते. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, प्रिंटर आहे, आणि मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहे. त्यामुळे कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे विचारायला गल्लीतली पोरं हक्कानं येतात. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात पडताळणी, सगळे फॉर्म आता ऑनलाइन. बोटं तर अशी चालवतात की बघत राहावं. पण उत्पन्नाचा दाखला कुठे ठेवला, असं विचारलं की गप्प होतात. "इथंच होता ना मावशी," म्हणतात. इथंच म्हणजे स्क्रीनवर. डोळ्यांसमोर उघडं दिसतं म्हणजे ते ठेवलेलं आहे, अशी त्यांची मनापासून समजूत आहे. या समजुतीपायी मुलांचं जे नुकसान होतं ते मी घरात बसून बघते आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याचं सांगते. तो बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट म्हणून त्यानं एका किराणा दुकानाच्या हिशेबाची वेबसाइट केली होती. जमा करायच्या आदल्या रात्री तो माझ्याकडेच बसला होता, कारण त्यांच्या भागात लाइट गेली होती. रात्री दोनपर्यंत जागून त्यानं चुका दुरुस्त केल्या, सकाळी फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केली, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधलं, कॉलेजच्या पोर्टलवर चढवली आणि निर्धास्त झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ती झिप उघडली तर त्यात तीन दिवसांपूर्वीचं अर्धवट पान. बेरीज चुकणारं. त्याला ५०पैकी १९ गुण मिळाले. घरी येऊन रडला पोरगा. "मावशी, सगळं समोर दिसून राहिलं होतं ना वो! मी स्वतः चालवून पाह्यलं होतं!"

ज्या प्रोग्रॅममध्ये तो कोड लिहितो तो व्हीएस कोड आम्ही दोघांनी पुन्हा उघडला. वर अकरा टॅब, म्हणजे उघड्या फाइलींच्या पट्ट्या. त्यातल्या तिघांचं नाव एकच, 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'. एकाच नावाच्या दोन फाइली उघडल्या तर व्हीएस कोड नावाशेजारी फिकट अक्षरांत फोल्डरचं नाव लिहितो. एक टॅब 'प्रोजेक्ट फायनल'मधला होता, एक 'प्रोजेक्ट फायनल कॉपी'मधला, आणि तिसरा डेस्कटॉपवरच्या कुठल्याशा फोल्डरमधला. ती फिकट अक्षरं त्यानं कधी वाचलीच नव्हती. चालवून पाहिलं होतं ते कॉपीमधलं पान, आणि झिप केली होती फायनलची. फायनलच्या टॅबवर, जिथे बंद करायची फुली असते तिथे, फुलीच्या जागी एक भरीव ठिपका होता. मी विचारलं, हा ठिपका कसला? म्हणाला, "तो तं असाच राहते."

तो ठिपका म्हणजे इथे लिहिलेलं अजून डिस्कवरच्या फाइलमध्ये गेलेलं नाही. झिप होते ती डिस्कवरच्या फाइलची, आणि टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, प्रोग्रॅम चालवला तर वाचली जाते तीही डिस्कवरचीच. त्या रात्रीच्या काही दुरुस्त्या कॉपीमध्ये होत्या, बाकीच्या नुसत्या टॅबमध्ये. तीन वर्षं हा मुलगा त्या ठिपक्याकडे बघत शिकला, आणि त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही. त्याच्या सरांना मी दोष देत नाही, त्यांच्या मागे अभ्यासक्रम संपवायची घाई असते.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. भाचा म्हणाला, "पण मी काल बंद करून आज उघडलं, तरी होतंच की सगळं." खरं आहे. व्हीएस कोड बंद केला तरी सेव्ह न केलेला मजकूर तो स्वतःजवळ बाजूला राखतो आणि पुन्हा उघडल्यावर समोर मांडतो. नोटपॅड++ हेच करतं, विंडोज ११मधलं नवं टॅबवालं नोटपॅडही करतं. क्रोमसारख्या ब्राउझरला सांगून ठेवलं तर तोही कालचे सगळे टॅब परत आणतो. सोय चांगली आहे, कित्येकांची मेहनत तिनं वाचवली असेल. पण पूर्वी सेव्ह केलं नाही तर संध्याकाळी फटका बसायचा आणि माणूस शिकायचा. आता फटका बसतो तो थेट परीक्षकासमोर. मजकूर त्या एका मशीनवर, त्या एका प्रोग्रॅमच्या पोटात असतो. फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, मेल केलं, झिप केली, की तो मागेच राहतो.

आमच्या कचेरीत सहा गठ्ठा पद्धत होती. नव्यानं लागलेल्या कारकुनाला पहिल्या आठवड्यात तीच शिकवायचे. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरावीक काळानं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. टेबलावर राहायचं ते फक्त आज हातात असलेलं प्रकरण. दुसऱ्या खात्याच्या उत्तरासाठी थांबलेलं प्रकरण टेबलावर ठेवायचं नाही, त्यावर तारीख टाकायची आणि प्रतीक्षाधीनमध्ये घालायचं. तारीख आली की स्मरणपत्र. शासन निर्णय वारंवार लागतात म्हणून ते टेबलावर पसरून ठेवत नाहीत, स्थायी आदेशाच्या संचिकेत लावतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयाचं दप्तर मुंबईहून नागपुरात सिव्हिल लाइन्सला येतं. मी काही वर्षं त्या कामाला होते. प्रश्न लागला की फाइल मिनिटांत समोर यावी लागते. कुठला कागद कुठल्या पेटीत आहे हे यादीवर नसेल तर तो कागद असून नसल्यासारखाच.

त्या संध्याकाळी मी भाच्याच्या ब्राउझरमधले टॅब मोजले. ३७ होते. इतके चिकटलेले की नावं दिसत नव्हती, नुसती चित्रं. आम्ही एकेक टॅब घेऊन बसलो आणि मी प्रत्येकाला विचारत गेले की तू कुठल्या गठ्ठ्यातला. खरं चालू काम पाच टॅबांत होतं. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची संदर्भपानं सात-आठ, ती रोज लागणारी. म्हणजे आमचे स्थायी आदेश, त्यांची जागा बुकमार्कमध्ये. निकालाचं पान आणि एका नोकरीच्या अर्जाचं पान प्रतीक्षाधीन. त्यांची तारीख वहीत लिहिली आणि टॅब बंद केले. उरलेले वीस-बावीस वाचून झालेले, काम संपलेले. ते बंद करायला त्याचा हात धजेना. "हरवून जाईन ना मावशी." तेव्हा मी त्याला एक टॅब बंद करायला लावला आणि कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबायला सांगितली. टॅब परत आला. आणखी दोनदा दाबली, त्याआधीचे दोन आले. कंट्रोल आणि एच दाबल्यावर गेल्या कित्येक दिवसांतल्या पानांची यादी आली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितला. मुलं टॅब साठवतात त्यात आळस नसतो, भीती असते.

टॅब सांभाळणं हे बनवणाऱ्यांनाही सोपं गेलेलं नाही. आमच्या कचेरीत सुरुवातीला इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दर पानाला नवी खिडकी उघडायची, टॅब त्यात २००६ साली सातव्या आवृत्तीत आले. टॅबांचे गट करायची सोय फायरफॉक्स या ब्राउझरनं २०११मध्ये दिली, २०१६मध्ये काढून टाकली आणि २०२५मध्ये पुन्हा आणली. क्रोममध्ये ती २०२० साली आली. गटाला नाव देता येतं, रंग देता येतो. मी 'शिष्यवृत्ती' आणि 'वसतिगृह' असे दोन गट करून देते, तेवढ्यानं पोरांचा गोंधळ निम्मा होतो.

शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी आली होती. फॉर्मची तीन पानं भरून झाली, मग दाखला जोडायची वेळ आली. डाउनलोड्समध्ये 'डॉक्युमेंट', 'डॉक्युमेंट (१)', असं करत 'डॉक्युमेंट (७)'पर्यंत फाइली. एकच दाखला ती दर वेळी सापडला नाही म्हणून पुन्हा उतरवत गेलेली. मार्कशीटचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, त्याचं नाव म्हणजे नुसती तारीख आणि आकडे. एकेक उघडून बघता बघता वीस मिनिटं गेली आणि संकेतस्थळानं तिला बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिलं पान. असं दोनदा झालं. तिची आई दारात उभी होती, घरी स्वयंपाक व्हायचा होता, आणि मुलगी घाईत आणखी चुकत होती. रात्री पावणेबाराला फॉर्म गेला. पंधरा मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर तिचं वर्षाचं शुल्क बापाच्या डोक्यावर बसलं असतं, आणि तो रंगकाम करतो.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी फोल्डर करायला लावते. स्वतःचं नाव आणि वर्ष. आत दाखले त्यांच्या खऱ्या नावानं: उत्पन्न, जात, रहिवासी, दहावी. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डाउनलोड करण्यापूर्वी प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा' हे सुरू करते. ते मुळात बंद असतं, म्हणून सगळं एका ढिगात पडतं. आणि कोड लिहिणारं पोरगं असेल तर व्हीएस कोडच्या फाइल मेनूतलं 'ऑटो सेव्ह' सुरू करून देते. नवीन घेतलेल्या व्हीएस कोडमध्ये तेही बंदच असतं. सुरू केलं की लिहिल्यावर क्षणभरात मजकूर फाइलमध्ये जातो आणि तो ठिपका राहत नाही. तरी तीन 'इंडेक्स' असतील तर कुठल्या इंडेक्समध्ये गेला हे डोळ्यांनीच बघावं लागतं. अजून एक सांगते, कारण यात माझ्याकडचा दुसरा एक मुलगा अडकला होता. व्हीएस कोडमध्ये एकदाच क्लिक करून फाइल उघडली तर तिचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं आणि दुसरी फाइल उघडताच पहिलीची जागा ती घेते. त्याला वाटलं फाइल उडाली. दोनदा क्लिक केलं की नाव सरळ होतं आणि टॅब टिकतो.

आपल्या वृत्तपत्रामार्फत मुख्याध्यापकांना, संगणक वर्ग चालवणाऱ्यांना आणि महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्षाच्या सुरुवातीला फक्त एक प्रात्यक्षिक तास यासाठी द्यावा. फोल्डर करणे, फाइलला नाव देणे, ती कुठे आहे हे पूर्ण पत्त्यासह सांगणे, मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती शोधून दाखवणे. प्रोजेक्ट जमा करण्यापूर्वी झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून, तिथून चालवून बघणे. आम्ही जावक करण्यापूर्वी लखोट्यातली सहपत्रं मोजायचो, तसंच हे. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत याला दोन गुण ठेवावेत. गुण असले की मुलं शिकतात, हे आपण सगळेच जाणतो.

माझ्या वयाच्या, कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींनाही सांगणं आहे. आपल्याला कोडिंग येत नाही म्हणून मागे राहू नका. कागद लावण्याचं जे काम आपण आयुष्यभर केलं, ते या मुलांना हवं आहे, आणि ते आपल्या हाताला ठाऊक आहे. मी व्हीएस कोडमध्ये एक ओळही लिहू शकत नाही, तरी तो ठिपका मलाच दिसला.

दक्षिण नागपुरातल्या कुठल्याही शाळेनं किंवा वस्तीतल्या वाचनालयानं बोलावलं तर मी येऊन हा एक तास घेईन. मानधन नको. शनिवारी सकाळी किंवा रविवारी चालेल. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात देऊन ठेवते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून
मानेवाडा, नागपूर