विषय: झिपमधले प्लगइन लोड होत नाही, ग्राहक सेवेने दिलेला सल्ला चुकीचा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपले प्लगइन (मूळ प्रोग्रामला जोडायचा पूरक भाग) झिप फाइलमध्ये येते. ते विंडोज ११ वर ब्राउझरने उतरवून एक्सप्लोररनेच एक्सट्रॅक्ट केले (झिपमधून बाहेर काढले), तर ते लोड होत नाही. लॉगमध्ये ०एक्स८०१३१५१५ हा एरर येतो. सोबतची सीएचएम (विंडोजच्या जुन्या स्वरूपातली) मदत-फाइल उघडते, पण डावीकडे अनुक्रमणिका आणि उजवीकडे कोरे पान. ही दोन लक्षणे एकत्र दिसल्यावर खरे तर फार शोधाशोध करावी लागू नये. तरीही आपल्याकडून उत्तर आले: अँटिव्हायरस बंद करा, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, फोल्डरवर अॅट्रिब ही कमांड चालवा. तिन्ही उपाय गैरलागू आहेत.

ब्राउझर उतरवलेल्या फाइलला झोन.आयडेंटिफायर नावाची स्ट्रीम, म्हणजे फाइलला चिकटलेली लपलेली माहिती, शिक्क्यासारखी जोडतो. तिच्यात 'झोनआयडी=३' अशी ओळ असते, म्हणजे फाइल इंटरनेटवरून आलेली. झिप सोडवताना एक्सप्लोरर हाच शिक्का आतल्या फाइलींवर उमटवतो आणि डॉटनेट फ्रेमवर्क (प्लगइन ज्यावर चालते ती मायक्रोसॉफ्टची प्रणाली) अशी डीएलएल, म्हणजे प्लगइनची कोड-फाइल, लोड करायला नकार देते. मदत-फाइलचे पान कोरे दिसते तेही याच शिक्क्यामुळे. अॅट्रिब फक्त रीड-ओन्ली, हिडन यांसारखे गुणधर्म बदलते. या स्ट्रीमला ते हातही लावत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या 'डीआयआर' कमांडमध्येही ती दिसत नाही, '/आर' जोडावे लागते.

'आमच्याकडे चालते' या आपल्या उत्तरालाही अर्थ नाही. झिप एक्सफॅट पेनड्राइव्हवरून नेली की शिक्का वाटेतच गळतो, कारण ही स्ट्रीम विंडोजच्या डिस्कवरील एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत टिकते, पेनड्राइव्हवरील एक्सफॅटमध्ये नाही. आपल्या टेस्टिंगच्या मशीनवर फाइल कशी पोहोचते, ते आधी तपासा.

उपाय असा: एक्सट्रॅक्ट करण्यापूर्वी झिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक'वर टिक करून ओके. आधीच एक्सट्रॅक्ट केले असेल, तर प्रोग्राम बंद करून पॉवरशेलमध्ये 'गेट-चाइल्डआयटम -रिकर्स'चे आउटपुट 'अनब्लॉक-फाइल'ला द्यावे. तेही फक्त प्लगइनच्या फोल्डरपुरते, सगळ्या डाउनलोड्सवर नव्हे.

अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला मदत-पानावरून आजच काढावा. झिपऐवजी डिजिटल सही असलेला इन्स्टॉलर द्यावा. त्याने टाकलेल्या फाइलींवर हा शिक्का नसतो. तोपर्यंत झिपचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) प्रसिद्ध करावा, म्हणजे अनब्लॉक करण्यापूर्वी फाइल पडताळता येईल. प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लोडफ्रॉमरिमोटसोर्सेस' (बाहेरून आलेल्या डीएलएल लोड होऊ देणारी सेटिंग) चालू करण्याची पळवाट मात्र नको: एका प्लगइनसाठी बाहेरून आलेल्या प्रत्येक डीएलएलला दार उघडे राहील.

लॉग आणि 'डीआयआर /आर'चे आउटपुट सोबत जोडले आहे. इन्स्टॉलर कधी देणार, ते लेखी कळवावे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक