इमारतीला एफआयआर, बाईला एनसी

मा. गृहमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नोकरीला २७ वर्षं झाली. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते काही जमेलसं दिसत नाही.

४१ दिवसांपूर्वी आमच्या शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी एक रॅप गाणं नेटवर टाकलं. त्यात माझं आडनाव आहे, स्नेहसंमेलनातला माझा फोटो आहे, आणि माझ्या शरीराबद्दल जे आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिघांपैकी एकाला मी दहावीला कॉपी करताना धरलं होतं. माझ्या आडनावाशी त्याने जुळवलेलं यमक बिनचूक आहे, हे शिक्षिका म्हणून कबूल करते. वर्गात त्याला कधी जमलं नव्हतं.

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले. याच ठाण्याच्या साहेबांनी जानेवारीत आमच्या शाळेत महिला सुरक्षेवर भाषण ठोकलं होतं. "एक फोन करा, दहा मिनिटांत गाडी दारात." आभारप्रदर्शन मीच केलं होतं. तर ठाणे अंमलदारांना गाण्यात आक्षेपार्ह काय ते बघायचं होतं, म्हणून त्यांनी ते मोबाईलवर मोठ्या आवाजात लावलं. बाकावर पासपोर्टच्या कामाला आलेली चार माणसं बसली होती, त्यांनीही ऐकलं. एका शिपायाचा पाय ठेक्यावर हलत होता. त्याचं त्यालाही कळत नसावं. गाणं संपल्यावर अंमलदार म्हणाले, "मॅडम, यात तुमचं नाव कुठाय? नुसतं आडनाव आहे. या आडनावाची तालुक्यात दोनशे घरं निघतील." मी फोटो दाखवला. "तो तर शाळेच्या कार्यक्रमातलाच आहे की. आणि सुप्रीम कोर्टाने आता सांगितलंय, कविता-गाण्यांवर लगेच गुन्हा घ्यायचा नाही. एनसी घेतो, पुढे तुम्ही कोर्टात जा."

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. सुप्रीम कोर्टाचं नाव ऐकून मी गप्प घरी आले आणि भाच्याला बसवून तो निकाल वाचून काढला. २८ मार्च २०२५ चा आहे. एका खासदारावर कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा त्यात रद्द झाला. शब्दांचा परिणाम खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने जोखावा, असं त्यात म्हटलंय. फार आवडलं मला ते. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, हेही त्यात आहे. चौकशी म्हटलंय साहेब. झोप काढा असं कुठल्याही परिच्छेदात सापडलं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे. हे मी अंमलदारांना दाखवायला परत गेले. ते बंदोबस्ताला गेले होते.

आता जरा जुनं काढते. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिव्यांचं रॅप चित्रित झालं. तलवार काय, दारूची बाटली काय. गदारोळ उठला, चतुःशृंगी पोलिसांत गुन्हा दाखल झाला. वास्तूची अब्रू गेली होती ना! त्याच महिन्यात खोक्यांवर, म्हणजे फुटीर आमदारांनी घेतल्याच्या आरोपातल्या पैशांवर, रॅप करणाऱ्या संभाजीनगरच्या पोरावर पार अंबरनाथच्या ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. तिथे कुणी "नाव कुठाय, नुसते खोकेच आहेत" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. २०१२ ला पालघरच्या दोन मुली आठवतात? बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. त्या प्रकरणानंतरच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं. म्हणजे खुर्ची दुखावली तर गुन्हा, दगडी इमारत दुखावली तर गुन्हा. माझ्या अंगात दगड कमी पडले, एवढंच. तो खंबीर मनाचा माणूस फक्त माझ्याकडूनच का अपेक्षित आहे? मंत्रिमंडळात एकही नाही का?

घरची हकिगत सांगायची नव्हती, पण आता सांगतेच. बाजारात जाणं सोडलंय, भाजी शेजारीण आणते. रिक्षा स्टॅंडवर एक जण ते कडवं गुणगुणतो आणि बाकीचे मान खाली घालून हसतात. नववीच्या वर्गात फळ्याकडे वळले की मागे जी शांतता पसरते ती मला ऐकू येते. २७ वर्षांत मी वर्गाला पाठ करायला कधी भ्याले नव्हते. रक्तदाबाची गोळी अर्धी होती, ती पूर्ण झाली. मुलीचं जमत आलेलं स्थळ "पत्रिका पुन्हा बघतो" म्हणून गेलं ते गेलंच. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, थोडे दिवस रजा घ्या. रजा मी घ्यायची! ती तिन्ही पोरं चौकात सत्कार घेतायत. परवा पाहिलं तेव्हा १ लाख १२ हजार जणांनी ते बघितलं होतं. भाचा दीड लाख म्हणतो. गाणं जिथे टाकलंय त्या कंपनीला कळवलं, तर आमच्या नियमांचा भंग होत नाही असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते माणसाने लिहिलं की यंत्राने, देव जाणे.

आणि कृपा करून "रॅपवर निर्बंध आणू" असं निवेदन काढू नका. मला ते नकोय. मी वर्गात शिव्या असलेल्या कविता शिकवल्या आहेत, पालकांच्या तक्रारी झेलून. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाची तोंडावर रेवडी उडवतो, शिमग्याला गाव पाटलाच्या नावाने बोंबलतं, आणि पाटील दुसऱ्या दिवशी तसाच गावातून फिरतो. त्याच्या मुलीचं लग्न मोडत नाही. निर्बंधाचा कायदा आणलात तर तो पहिल्यांदा कुणाच्या मानगुटीवर बसेल हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. गांधीजींवरची एक मराठी कविता १९९४ ला बँक कर्मचाऱ्यांच्या एका मासिकात छापून आली. तिच्यावरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २०१५ ला निर्णय आला, आणि तोही असा की प्रकाशक सुटला, कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं. एकवीस वर्षं! कवींच्या मागे लागायला सरकारला दम कमी पडत नाही.

नवे कायदे तर करूच नका. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक २०२१ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. बाईला ऑनलाइन छळणाऱ्यासाठी त्यात वेगळं कलम होतं. बाकं वाजली, पेढे वाटले असतील, आम्ही शिक्षिकांनी स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या. मग ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं आणि अडकलं. तेव्हा सरकार दुसरं होतं, हे कृपया सांगू नका. आम्हा बायकांना सगळी सरकारं एकाच आडनावाची वाटतात, आणि त्या आडनावाची घरं दोनशेहून जास्त आहेत. एनसी म्हणून फाइलबंद होणाऱ्या शंभरातल्या नव्वद तक्रारी बायकांच्या असणार. आकडा माझा आहे, चुकीचा असेल तर तुमचा छापा.

मागणं एवढंच. माझी एनसी फाडून कलम ७९ खाली गुन्हा नोंदवा. आणि मंत्र्याच्या तक्रारीला जेवढे तास लागतात तेवढेच माझ्या तक्रारीला लागावेत, असं एक परिपत्रक काढा. परिपत्रकं काढता येतात तुम्हाला, मी रोज शाळेत वाचते.

त्या पोरांनी "भाग २ लवकरच" असं जाहीर केलंय. सोमवारी अकरा वाजता मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. जाण्याआधी आपल्यावर आठ मात्रांच्या ठेक्यात सोळा ओळी रचून नेटवर टाकेन म्हणते. आडनावाला यमक शोधून ठेवलंय. म्हणजे गाडी दहा मिनिटांत दारात येईल, आणि ठाण्यापर्यंतचं रिक्षाभाडंही वाचेल.

आपली,
एक मराठीची शिक्षिका